ऐकण्याचा कोपरा

आपलाच आवाज नीट उमटला आहे की नाही हे पाहावे, एवढ्याच हेतूने बाईंनी हेडफोन कानांवर चढवले, कळ दाबली, आणि कानांत ताई बोलली. वाक्य साधेच होते. सकाळी रिकाम्या वर्गात बसून बाईंनी अशी बरीच वाक्ये ध्वनिमुद्रण यंत्रात इंग्रजीत म्हणून ठेवली होती : खिडकी उघडी आहे, मला पाणी हवे आहे, मी इथे बसू का. घरी वेगळीच भाषा बोलणाऱ्या, शाळेत पहिल्यांदाच इंग्रजीच्या तोंडी दिल्या जाणाऱ्या मुलांना पहिल्या आठवड्यांत जी वाक्ये लागतात, ती. आवाजही बाईंचाच होता, पन्नाशीकडे झुकलेला, खडूच्या धुळीने किंचित खरखरीत झालेला. पण वाक्याच्या मध्यावर, जिथे थांबण्याचे काहीच कारण नव्हते तिथे, एक बारीक श्वास आत ओढला गेला, थंड पाण्यात पाऊल टाकण्याआधी ओढावा तसा, आणि मग उरलेले शब्द झोपलेल्या माणसाच्या उशाशी पेला ठेवावा तसे अलगद खाली ठेवले गेले. असे फक्त ताई बोलत असे. आणि ताई शाळकरी वयातच गेली होती; बाईंची ही थोरली बहीण आता त्यांच्या वर्गातल्या मुलींएवढीच राहिली होती.

"यंत्र बिघडलं का हो बाई?" जमिनीवर मांडी घालून बसलेल्या सुताराने विचारले. तो खुर्च्या उलट्या करून त्यांच्या पायांना जाड लोकरी कापडाच्या चकत्या चिकटवत होता.

"नाही. चालतंय."

"मग चेहरा असा का पडला? ही खुर्ची ओढून बघा. आवाज आला तर माझं नाव बदला." बाईंनी खुर्ची ओढली. ती मांजरासारखी सरकली. "जन्मभर मी ठोकाठोकी करून गल्ली उठवली," सुतार समाधानाने म्हणाला, "आणि तुम्ही मला आवाज मारायच्या कामाला लावलंत. कुणाला सांगितलं तर हसतील."

हसण्यासारखेच होते ते. पण या वर्गातली एकेक गोष्ट बाईंनी विचार करकरून, जीव ओतून लावली होती. ज्याला भाषा येत नाही त्याचा आवाज आधी लहान होतो, आणि खुर्चीच्या एका करकरण्याखाली त्याचे आख्खे वाक्य बुडून जाते. म्हणून त्या चकत्या. चित्रे भिंतीवर उंच नव्हती, मुलांच्या डोळ्यांच्या रेषेत होती, म्हणजे शब्द विसरला तर मान वर न करता नुसते बोट ठेवता यावे. टेबले चार-चारच्या चौकांत समोरासमोर जोडलेली होती, कारण दुसऱ्याच्या पाठीकडे पाहत कुणी बोलायला शिकत नाही. आणि प्रत्येक चौकात एक खुर्ची मुद्दाम रिकामी होती. खिडकीखालच्या कोपऱ्यात सतरंजी, अर्धा पडदा, एक बैठे मेज, त्यावर हे यंत्र आणि हेडफोन : हा ऐकण्याचा कोपरा. ज्याला बोलायचे नाही त्याने इथे येऊन हवे तितके दिवस नुसते ऐकावे, कुणी हटकायचे नाही. आणि ज्या दिवशी वाटेल त्या दिवशी उठून कोणत्याही रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसावे. स्वतःचे टेबल बाईंनी खिडकीसमोरच्या भिंतीशी घेतले होते. खिडकीला पाठ करून शिक्षकाने उभे राहू नये, कारण मागून उजेड आला की तोंड काळे पडते, आणि नवी मुले भाषा कानांनी शिकण्याआधी ओठांवरून शिकतात. हे बाईंना प्रशिक्षणात सांगितले गेले तेव्हा त्यांनी मान डोलावली होती, जणू नवीनच काही कळत होते. खरे तर ते त्यांच्या डोळ्यांना केव्हापासून ठाऊक होते.

कारण लहानपणीच्या त्या वर्गात, ज्याच्या अगदी उलट हा वर्ग त्यांनी लावला होता, शिकवणाऱ्या बाई खिडकीला पाठ करूनच उभ्या राहत. वडिलांना गोदीत काम लागले आणि आईने दोघी मुलींना या अनोळखी शहरात आणले, तेव्हा भाषा दोघींनाही सारखीच येत नव्हती, म्हणून थोरली ताई आणि धाकटी, म्हणजे आजच्या बाई, एकाच वर्गात, भिंतीलगतच्या एकाच बाकावर बसवली गेली. समोर उजेडात एक काळी आकृती हलत असे. तिला तोंड नव्हते. त्या नसलेल्या तोंडातून आवाज येई, वर्ग हसे, वर्ग लिही, वर्ग उभा राही, आणि धाकटी ताईच्या कोपराला कोपर लावून, ती उठली की उठे, ती बसली की बसे. ताई मात्र ती भाषा भराभर टिपू लागली. कुठून टिपत होती कोण जाणे. तिला बहुधा जिन्यावर दम खात बसावे लागे, तेव्हा येणारी-जाणारी मुले जे बोलत ते ती गोळा करीत असावी. लवकरच ती दोघींचे बोलू लागली. धाकटीला तहान लागली की ताई उभी राहून सांगे. धाकटीचे उत्तर, धाकटीचा निरोप, धाकटीचे नावदेखील ताईच सांगे. बोलण्याआधी ती बाकाखाली धाकटीचा हात दाबून धरी, मग वाक्य सुरू होई, मध्यावर तो बारीक श्वास येई, हाताची पकड किंचित आवळली जाई, आणि वाक्य पैलतीराला लागे. धाकटीने इंग्रजी ऐकली ती एवढीच. तिची समजूत झाली की ही भाषा अशीच असते : मध्ये एक पायरी असते, तिथे पाय उचलावाच लागतो, नाही तर माणूस अंधारात पडतो. इतर मुले न थांबता बोलत तेव्हा तिला त्यांचेच बोलणे उद्धट आणि अर्धवट वाटे.

मग एका सत्रात ताईची जागा रिकामी झाली. आधी काही दिवस, मग कायमची. घरात मोठी माणसे दबक्या आवाजात काळीज हा शब्द उच्चारीत, जन्मापासूनच, असेही म्हणत; धाकटीला कुणी काही समजावून सांगितले नाही, आणि मोठेपणी तिने कुणाला विचारले नाही. ताई काळजाच्या आजाराने गेली, एवढे एक वाक्य तिच्याजवळ होते आणि फोटोच्या चौकटीसारखे ते कधी उघडावे लागले नव्हते. शाळेत खिडकीतल्या काळ्या आकृतीने एक दिवस तिच्याकडे हात केला. शेजारी दाबायला हात नव्हता. धाकटी उभी राहिली, तिने बाकाची कड धरली, आणि तिच्या तोंडून एक सबंध वाक्य बाहेर पडले, मधल्या पायरीसकट. वर्ग असा गप्प झाला की बाहेरच्या नळाचे ठिबकणे ऐकू आले. कुणीतरी मागे वळून दाराकडे पाहिले. काळी आकृती हळूच खुर्चीत बसली. आणि उजेडातून खाली आल्यावर पहिल्यांदाच तिला चेहरा असल्याचे दिसले, आणि तो चेहरा भ्यालेला होता.

ही गोष्ट घरी कशी पोचली ते कळले नाही, पण पोचली. आई तेव्हा लोकांचे कपडे इस्त्रीला घेत असे. दिवेलागणीच्या आधीच्या त्या करड्या वेळेला ती भिंतीकडे तोंड करून इस्त्री फिरवीत असताना, पाठमोरीच, म्हणाली, "बोल ना जरा. शाळेतलं."

"काय बोलू?"

"काहीही. त्या भाषेत बोल." आईला त्या भाषेतले अक्षरही कळत नव्हते.

धाकटी बोलली. मला पाणी हवे आहे. खिडकी उघडी आहे. वाक्याच्या मध्यावर श्वास आला की इस्त्री थांबे. श्वास सुटला, शब्द पुढे गेले, तरी इस्त्री तिथेच राही, आणि मग कापड करपल्याचा एक पिवळा वास खोलीत पसरे. गिऱ्हाइके कुरकुरली, वडील रागावले. दुसऱ्या दिवशी आई पुन्हा पाठमोरी उभी राहून म्हणाली, बोल ना जरा. धाकटी अभ्यासात हुशार निघाली, त्या भाषेत पहिली आली, त्याच भाषेची शिक्षिका झाली, लोक म्हणाले, काय जिद्द. जिद्द वगैरे काही नव्हती. एका पाठीला ऐकू जावे म्हणून ती शिकत राहिली होती. करपल्या कापडाचा वास आला की अजून बाईंच्या तोंडाला आपोआप शब्द फुटू पाहत.

शाळा सुरू झाली, वर्ग भरला, आणि नव्या मुलांत एक मुलगी आली, जी पहिल्याच दिवशी सरळ चालत जाऊन पडद्याआड बसली. हात बाह्यांत ओढून घेतलेले, वाट भिंतीच्या कडेकडेने. बाईंनी मनातल्या मनात तिला मुंगी म्हणायला सुरुवात केली. मुंगी कुणाशी बोलत नसे, आपल्या घरच्या भाषेतही नाही. ती हेडफोन लावी, डोळे मिटी, आणि तीच ती वाक्ये पुन्हा पुन्हा ऐके. आणि तिला ऐकताना पाहणे बाईंना सहन होईना, न पाहणेही होईना. पडद्याच्या फटीतून तिचे गुडघे दिसत, आणि गुडघ्यांवर तिचे एक बोट हलके हलके वाक्याबरोबर चालत असे. मध्यावर ते बोट उचलले जाई. तेवढ्या क्षणापुरते हवेत राही. मग खाली येई. बाई शिकवता शिकवता शब्द विसरत. त्या बोटाखाली, त्या रिकाम्या क्षणात, कुणीतरी बसून आहे आणि ती मुलगी त्या कुणाला तरी रोज भेटायला येते, असे काहीतरी त्यांच्या मनात येई. ते भय होते की हेवा होता, हे त्यांना कळत नसे.

त्या शुक्रवारी मुख्याध्यापिका, ज्यांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणे, वर्ग सुटल्यावर आत आल्या. एका खुर्चीवर टेकल्या, ती आवाज न करता सरकली म्हणून दचकल्या, आणि मग हसल्या. "वर्ग छान लावलाय तुम्ही. खरंच. पण मला एक सांगा, तुम्हाला दमा आहे का?"

"नाही हो."

"मग त्या वाक्यांत मधेच धाप लागल्यासारखं काय बोलता? मी घरी नेऊन ऐकवलं, तर आमचे हे म्हणाले, या बाईंना आधी जिना चढवला आणि मग बोलायला बसवलं की काय."

बाईंनी हसल्यासारखे केले. "सवय आहे."

"तुमची सवय मुलांना कशाला? जे ऐकतात तेच उचलतात ती. विकतची वाक्यं मिळतात आता, स्वच्छ, एका दमात म्हटलेली. मी मागवलीत. सोमवारी जुनी पुसून ती घाला." उठता उठता त्या थबकल्या. आवाज मऊ झाला. "रागावू नका. तुमच्यात खोट काढायला नाही आले मी."

"रागावले नाही."

त्या गेल्यावर बाईंनी यंत्रासमोर बसून तीच वाक्ये नव्याने म्हणून पाहिली, एका दमात. श्वास कोंडून धरला की वाक्य पुढे जाई, पण ओळखीचे राहत नसे. परक्याच्या घरात शिरल्यासारखे शब्द भिंती चाचपडत आणि कुठेतरी आपटत. श्वास घेतला की वाक्य नीट उभे राही आणि ते त्यांचे नसे. म्हणजे इतकी वर्षे, वर्गावर, सभांत, बँकेत, दवाखान्यात, जे जे त्या या भाषेत बोलल्या ते कोण बोलत होते? आणि जिला या यंत्रातून पुसायचे, तिचे दुसरे काय उरले होते? एक फोटो, ज्यात ती हलल्यामुळे धूसर आली होती. एक फ्रॉक, जो पुढे धाकटीनेच वापरून फाडला. आई. आणि आईचेही आताशा काही खरे नव्हते. महिनोन्‌महिने तिने ताईचे नाव काढले नव्हते, बोल ना जरा असे म्हणणे तर केव्हाचे थांबले होते. तिला ऐकूच येत नसे. बाईंनी यंत्र पिशवीत घातले आणि त्या घरी निघाल्या. रस्ताभर पिशवी त्यांनी छातीशी धरली होती, जसे झोपलेले मूल धरतात.

आई खिडकीशी खुर्चीत बसून जुना स्वेटर उसवत होती. उसवलेली लोकर तिच्या मांडीवर अजून विणीची वळणे धरून पडली होती. बाईंनी तिच्यासमोर बसून, खुणेने, हेडफोन तिच्या पांढऱ्या विरळ केसांवरून कानांवर बसवले.

"हे काय डोक्यावर?" आई मोठ्याने म्हणाली. "मी काय विमान चालवू आता?"

बाईंनी आवाज पूर्ण वाढवला आणि कळ दाबली. आईचे हात थांबले. लोकरीचा धागा ताणलेलाच राहिला. ऐकतानाचा तिचा चेहरा त्यांनी कधी पाहिलाच नव्हता, हे बाईंना तेव्हा उमगले. ऐकतानाची आई म्हणजे त्यांच्यासाठी नेहमी एक पाठ होती. आता तो चेहरा समोर होता, आणि त्यावर आनंद नव्हता, दुःख नव्हते, रात्रंदिवस कुणाच्या तरी उशाशी बसलेल्या माणसाची नुसती दक्षता होती. वाक्ये एकामागून एक गेली असावीत. बाहेर कुणीतरी सायकल टेकवली. आईचे ओठ मध्येच बारीक उघडत, कुणाच्या तरी ऐवजी श्वास घेतल्यासारखे, आणि मिटत.

"किती वेळ बोलायला लावता तिला?" आई अचानक म्हणाली.

"कुणाला, आई?"

"दम लागलाय तिला. ऐकू येत नाही का तुला?" बहिऱ्या माणसाच्या चढ्या, सपाट आवाजात ती बोलत होती. "डॉक्टर किती वेळा म्हणाले, सलग बोलू देऊ नका, काळजाला झेपायचं नाही. अर्ध्या वाक्यात दम संपतो पोरीचा. तरी शाळेत दोघींचं तीच बोलते. बसू दे तिला आता." तिने हेडफोन स्वतःच ओढून काढले, मांडीवरच्या लोकरीत ठेवले, आणि मग कुठून तरी लांबून परत आल्यासारखे लेकीकडे पाहिले. नजर स्वच्छ होती. "मी तुला लई बोलायला लावलं ना ग. पाठ करून उभी राहायचे. तूपण दमली असशील. बस."

"बसलेलीच आहे, आई."

"मग ठीक," आई म्हणाली, आणि उसवू लागली.

बाई बसून राहिल्या. म्हणजे ती पायरी नव्हतीच. थंड पाण्याआधीचा तो लाडका श्वास, ती ऐट, ते उशाशी पेला ठेवणे, ज्याला त्यांनी आयुष्यभर ताईची बोलण्याची लकब समजून सांभाळले, ते एका लहान मुलीचे हृदय होते, वाक्याच्या मध्यावर अपुरे पडणारे. बाकाखाली दाबलेला हात धीर देण्यासाठी नव्हता; तो ताईला स्वतःच्याच आधारासाठी हवा होता. आणि धाकटीने, जिची छाती ठणठणीत होती, भाषेबरोबर तो आजारही पाठ केला होता, आणि आता तो सतरंजीवर मांडून, हेडफोन लावून, मुलांच्या कानांत ओतीत होती. खोलीत काहीही जळत नव्हते, तरी करपल्याचा वास येतो आहे असे त्यांना वाटले, आणि त्यांनी उठून स्वयंपाकघरात जाऊन पाहिले. शेगडी बंद होती.

सोमवारी मुले यायच्या आधी त्यांनी जुनी वाक्ये पुसली. कळ दाबताना काही तरी होईल असे वाटले होते. काही झाले नाही. विकतची वाक्ये चांगलीच होती. एका दमात, काठोकाठ, सुरळीत. तो आवाज कुठल्याही छातीतून आला नव्हता. मुले आली, चौकांत बसली, मुंगी भिंतीच्या कडेने पडद्याआड गेली. बाईंनी फळ्यावर काहीतरी लिहायला घेतले, पण त्यांचे कान पाठीला फुटले होते आणि नजर वळून वळून पडद्याच्या फटीकडे जात होती. मुंगीने हेडफोन लावले. लगेच काढले. पुन्हा लावले. मग तिने यंत्र दोन्ही हातांनी उचलून त्याच्यामागे पाहिले, दाराआड कुणी लपले असावे तसे, आणि ते हेडफोनांसकट खाली ठेवून ती बाह्यांत हात घालून बसून राहिली. वाट पाहत असल्यासारखी. आपण एका मुलीला पुसले, आणि त्यासोबत कदाचित दुसरीलाही. हिचा हात दाबून धरणारे जे एकच कुणी होते, तेही आपण सकाळी झाडलोट केल्यासारखे काढून टाकले. खडू त्यांच्या बोटांत मोडला. विकतचा आवाज हेडफोनमधून सतरंजीवर सांडत होता, मुंगीच्या गुडघ्यापर्यंतही पोचत नव्हता.

मग पडदा हलला. मुंगी बाहेर आली. भिंत सोडून, वर्गाच्या मधून, ती खिडकीजवळच्या चौकापाशी आली आणि रिकाम्या खुर्चीच्या मागे उभी राहिली. बाह्यांतून तिने हात बाहेर काढले होते आणि खुर्चीची पाठ धरली होती, बाकाची कड धरावी तशी. तिथल्या मुलांनी वर पाहिले.

"मे आय सिट," मुंगी म्हणाली, आणि थांबली, आणि त्या थांबण्यात एक बारीक श्वास आत गेला, निरोगी, भरपूर, कुठेही न अडखळणाऱ्या छातीतला, जिला त्याची काहीच गरज नव्हती, "हिअर?"

शेवटचा शब्द तिने अलगद खाली ठेवला. कुणी हसले नाही. खुर्च्यांच्या पायांना कापड होते, त्यामुळे कसलाच आवाज झाला नाही. बाईंना आपली पाठ फळ्याला टेकल्याचे कळले. ताई गेल्यानंतरच्या इतक्या वर्षांत त्यांनी तो श्वास आतून ऐकला होता, यंत्रातून ऐकला होता. समोरून, दुसऱ्याच्या तोंडून, आधार धरणाऱ्या हातासकट, आज प्रथमच. त्यांनी मुंगीच्या छातीकडे पाहिले. ती संथपणे वरखाली होत होती. बसू दे तिला आता. बाई पुढे झाल्या, त्यांनी खुर्ची मागे ओढली, ती मांजरासारखी सरकली, आणि मुंगी बसली. शेजारच्या मुलीने आपली पट्टी सरकवून तिला जागा केली.

बाई फळ्यापाशी परतल्या. उजेड समोरून त्यांच्या तोंडावर येत होता. त्यांचे ओठ सगळ्यांना दिसत होते, मुंगीलाही. त्यांनी दिवसाचे पहिले वाक्य म्हणायला सुरुवात केली, आणि मध्यावर, नेहमीच्या जागी, सवयीने पाय उचलला. तिथे पायरी नव्हती; श्वास आलाच नाही. वाक्य सपाट, एका दमात, तसेच पुढे निघून गेले आणि बाई मागेच उभ्या राहिल्या.